चार बोटं

जुनी सीट उचलली तेव्हा खालून निघाली
वाळू, आठाण्याचं नाणं,
दापोली-बोरिवलीचं अर्धं तिकीट.
बोल्ट खारानं धरलेले.
शौकत म्हणाला, कापूयाच.

लिलावात घेतलेली माझीच एसटी.
आत आता ओटा, गादी, पंखा, पडदे.
एवढी सीटच बदलवत नव्हती :
अकरा वर्षांचा माझा खड्डा तिच्यात.
(आता पडवीत आहे. मांजर व्यायलंय.)

नवी सीट पनवेलच्या भंगारातल्या व्होल्वोची.
बसलो की उसासते,
खड्डा आला की आधी तीच खाली जाते.

चार बोटं उंच झालो, बाकी काही नाही.
पाजपंढरीच्या वळणावर
चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे
होड्या दिसल्या.

इतकी वर्षं तिथं
नुसता हॉर्न देत होतो.