आठ चौकोन

अंबडच्या कारखान्यात मी मायक्रॉन मोजते.
केसाचा दहावा भाग जास्त झाला
तरी अख्खा लॉट परत.
म्हणून सायकलच्या हँडलवरचं ते जुनं यंत्र घेताना,
काडेपेटीहून थोडं मोठं, बटणांचं रबर झिजलेलं,
आधी विचारलं, किती मीटर चुकतं?
विकणारा तुषार बेंडाळे म्हणाला,
ताई, यंत्र नाही चुकत. नकाशा चुकतो.

आतला नकाशा युरोपचा होता.
पहिल्या रविवारी पपया नर्सरीच्या चौकात
मी एका कोऱ्या पानावरचा बाण होते.

मग रात्री, भांडी विसळून झाल्यावर, शोधाशोध.
एक नकाशा मोटारवाल्यांचा. त्याला पेट्रोलपंप पाठ.
द्वारकेला दोन ट्रकांच्या मधोमध उभं करून
म्हणाला, सरळ जा.
एक विकतचा, टायरच्या जोडीइतका महाग.
मी टायर घेतले.
एक फुकटचा, लोकांनी मिळून काढलेला,
कुणी कुठली वाट आखलेली, कुणी पाणपोई टिपलेली.
अख्खा देश कार्डावर मावेना,
तेव्हा सुरगाण्यापासून इगतपुरीपर्यंत
भाकरीचा चतकोर मोडावा तसा तुकडा मोडून घेतला.
समोच्च रेषांचा थर वेगळा, वरून टाकायचा.
अंजनेरीभोवती त्या इतक्या दाट
की कुणीतरी अंगठा उठवलाय असं वाटावं.

शिकले हळूहळू.
‘सर्वांत जवळचा रस्ता’ कधी निवडू नये.
मखमलाबादच्या पुढे त्यानं मला थेट द्राक्षबागेत घातलं,
तारांखालून, ठिबकच्या नळ्यांवरून.
फवारणी करणारा माणूस
तोंडावरचा रुमाल न काढताच म्हणाला,
कालपण एक आला होता.
चढ किती टक्के ते घरी बघावं,
चढताना बघू नये.
गिरणाऱ्यापुढची कुत्री कुठल्याच नकाशात नाहीत,
समोरचा वाराही.
आणि कश्यपीच्या पाण्यात एक रस्ता सरळ शिरतो.
यंत्र टूं करतं, पुढे चला.
मे महिन्यात गेले तर तो खरंच होता,
भेगाळलेल्या चिखलात एक मोरी, दोन दगडी कठडे.
चुकलं कोण, ते मला मोजता येईना.

तिथेच, वरच्या अंगाला, पंक्चर.
सोल्युशन वाळेपर्यंत हिराबाई लिलके
करवंदांची पाटी उतरवून शेजारी बसली.
यात काय दिसतं गं?
हे धरण, हा घाट, इथं आपण दोघी.
आन् आमचा पाडा?
मी बोटानं सरकवत नेलं. मोठं केलं, आणखी मोठं.
हिरवा रंग. नुसता हिरवा.
एकोणीस घरं हायेत, ती म्हणाली, रागानं नाही,
पैसे मोजून हातावर ठेवावेत तसं.
हीर हाय. शाळेपाशी हातपंप हाय.
याला डोळे नाही का?

घरी येऊन माझ्या फिरण्याची रेघ उघडली.
ती जिकडे बोट दाखवत होती तिकडे
उपग्रहाच्या चित्रात पत्रे चमकत होते.
वाट जोडली. ‘कच्ची, पावसात बंद’ असं लिहिलं.
हातपंप ठेवला. नाव टाकलं, करंजपाडा.
अनुस्वार देताना हात थरथरला,
कारखान्यात कधी थरथरत नाही.

पंधरा दिवसांनी नकाशा पुन्हा उतरवला, कार्डात भरला
आणि जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर
फक्त दाखवायला निघाले.
वाट होती. हातपंप होता, निळा थेंब.
नावाच्या जागी चौकोन.
जुन्या यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत.
प्रत्येकाचा एक रिकामा डबा करतं ते,
कान्याचा वेगळा, अनुस्वाराचा वेगळा.
मी काही सांगायच्या आत
हिराबाईनं पदराची सावली धरून पडद्यावर बोट ठेवलं,
एकेक करून मोजले.
आठ.

मग म्हणाली,
बाकीची अकरा घरं कुठं?