पूर्ण दिवसाचे बत्तीसशे

गाडी पांढरी होती, सीटवर अजून प्लास्टिक.
शालिकरामनं मागचं दार उघडून धरलं
आणि मी वळून पाहिलं, कोणासाठी म्हणून.
एकतीस वर्षं काळी-पिवळीत
दुसऱ्याच्या अर्ध्या मांडीवर बसून शाळेत गेलेली बाई मी,
एवढ्या सीटवर पर्स कुठं ठेवावी तेही सुचेना.

आयोगाचा शेवटचा हप्ता जमा झाला होता.
मुलगा म्हणाला, एफडी.
वहिनी म्हणाल्या, पाटल्या.
मी फोन लावला, पूर्ण दिवसाचे किती?
बत्तीसशे, डिझेलसकट. ड्रायव्हरचं जेवण तुमच्याकडे.
कुठं जायचं?
समुद्र म्हणणार होते,
पण गुरुवारी नळ येतो आमच्याकडे, आठवड्यातून एकदाच,
बुधवारी रात्री घरी असायला हवं.
म्हणून म्हणाले, चिखलदरा.
कडा असेल तिथं थांबवा.

कडा मी शिकवलाय.
लाटांच्या माऱ्यानं खडकाचा पायथा पोखरला जातो,
वरचा भाग कोसळतो,
उरतो तो समुद्रकडा.
फळ्यावर खडूची उभी रेघ,
तिच्या पायाशी तीन वाकडे साप, त्या लाटा.
एकदा दुर्पता तायडेनं हात वर केला,
"बाई, तुमी पाह्यला काय?"
मी म्हणाले, पुढचा परिच्छेद वाच.

तालुक्याचं नाव दर्यापूर.
नावात दर्या कोणी सोडला, ठाऊक नाही.
विहिरीला लागतं ते पाणी खारं,
डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही,
घासलेल्या तांब्यावर दुसऱ्या दिवशी पांढरी किनार.

अंजनगावपर्यंत मी मागं बसले, पाहुणीसारखी.
पानमळे गेले, एक लग्नाचा मांडव गेला.
परतवाड्याला चहा झाला
आणि पुढचं दार मी स्वतःच उघडलं.
शालिकराम काही बोलला नाही,
डॅशबोर्डवरचा फडका तेवढा उचलला.

घाट लागला तसा बोलू लागला.
मोर्शीकडचा. रत्नागिरीत दोन वर्षं
आंब्याच्या व्यापाऱ्याची गाडी चालवलेली.
"समुद्र? रोजच पाहो मी.
पयल्या राती झोपच नाई आली, मॅडम.
मले वाटे, जवळ कोठं तरी जिनिंग हाय
अन् रातपाळी काई संपतच नाई."
वळण. हॉर्न. कठड्यावर माकडं.
"कडे बी हायेत तिकडं. काळेच, आपल्यावानी.
खाली पानी हाय, येवढाच फरक."

येवढाच.

पॉइंटवर कणसं, रबडी, फोटोवाले.
एक नवी सून ओढणी उडवून पुन्हा पुन्हा उभी राहत होती.
आम्ही किल्ल्याच्या बाजूनं गेलो, दक्षिणेकडं,
जिथं डोंगर एकदम थांबतो.
खाली झाडी, झाडीच्या खाली वऱ्हाड,
आणि मग काहीच नाही, नुसता धुरकट निळा,
ज्याला कुठं काठ दिसेना.
चप्पल काढून उभी राहिले. का, ते माहीत नाही.
"तुमचं गाव त्या तिकडं," शालिकरामनं बोट केलं,
"थ्या निळ्याच्या बुडाशी."

डब्यातली भाकर दोघांनी खाल्ली, मिरचीचा ठेचा.
त्याला ठसका लागला. मी बाटली दिली.
बुधवार होता, नळाचं संपलेलं,
बाटलीत विहिरीचंच.
एक घोट घेऊन तो थांबला,
माझ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं,
"मॅडम, हे तं..."
पुढं बोलला नाही.
उरलेलं पिऊन टाकलं त्यानं, सगळं.

उतरताना अंधार पडला.
सपाटीवर एकेक दिवा लागत होता,
मी मोजायला घेतले आणि अंजनगावाआधीच झोपले.

दारात त्यानं टॉर्च धरून पावती लिहिली.
एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर.
कुठून कुठं, या रकान्यात
दर्यापूर, दरा, दर्यापूर.
अर्धंच नाव. हातात पेन आलं, जुनी खोड.
दुरुस्त करणार होते.
सही केली.
आत जाऊन हंडे नळाखाली मांडून ठेवले.