काटा

रिक्षावाला विचारतो, कुठं सोडू?
सेटलमेंट, म्हणते दुर्गव्वा मावशी,
आणि तो लगेच निघतो.
नाव कसं पडलं ते त्याला ठाऊक नाही,
तिथल्या शाळेमागची भजी ठाऊक आहेत.

पाटी नाही. तिकीट नाही. माहिती सांगणारा माणूस नाही.
पाण्याची टाकी, एक जिम,
वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यातले भाऊ
भर उन्हात गॉगल लावून आमच्याकडं बघतात.

गेट कुठं होतं? मी विचारते.
ती काठीनं हवेत रेघ ओढते
इथून
पार त्या बेकरीपर्यंत.
"माझा बाप जन्मला तवाच चोर होता बघ," हसते,
"टाळू भरली नव्हती अजून, अन् वहीत नाव."

दिवसा गिरणी, रात्री हजेरी.
भोंगा झाला की सूत, घंटा झाली की माणसं.
तिच्या आईला कळा सुटल्या होत्या त्या रात्रीही
बाजेसकट उचलून आणलं मैदानात
'हजर' म्हणायला.
मावशी तिथंच झाली, कंदिलाच्या उजेडात.
नाव बाराव्या दिवशी ठेवलं.
आकडा त्याच रात्री वाढला.

सात वर्षांची होती तेव्हा तार तोडली.
लोक हलगीवर नाचले, गूळ वाटला.
आई मात्र पुढं कितीतरी वर्षं
झोपेतच उठून बसायची, ओ द्यायची.

नाल्याकडच्या लिंबात तार अजून आहे.
झाडानं गिळलीय ती, दोन्हीकडून ओठ मिटून,
एक काटा तेवढा बाहेर, गंजलेला.
मी मोबाईल काढते.
थांब, म्हणते, आणि पदरानं काटा पुसते
शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसा.
आता काढ.

परतताना ती मध्येच उभी राहते.
नुसता सिमेंटचा रस्ता. स्कूटी जातात, कुत्रं जातं,
एक मुलगी क्लासला जाते कानात गाणी घालून.
चल की, मी म्हणते.
"पास?"

मी पर्स उपसते.
पॅनकार्ड, बँकेचं ओळखपत्र,
त्यावर माझा फोटो, आमचं आडनाव,
ते द्यायला हात होत नाही.
शेवटी एसटीचं तिकीट देते, मोहोळ ते सोलापूर.
ती ते हवेत धरते, कुणाला तरी दिसेल एवढं उंच,
क्षणभर थांबते,
मग पाऊल टाकते.

"पाचच्या आत माघारी यायचं असायचं," पुटपुटते.
साडेचार झालेत.
आम्हाला कुठंच माघारी जायचं नाही,
तरी मी भरभर चालू लागते.