बोटांसाठी

गोधडी शिवायची तर दिवाळीनंतर,
ऊन मऊ झाल्यावर.
मी भादव्यातच ट्रंक उपसून बसले.
सून म्हणाली, निदान रंग तरी जुळवा, आई.
म्हटलं, रंग कशाला?

द्वारकीचे डोळे गेले. काचबिंदू.
दोन वर्षांत दोन्ही.
नातवानं फोन धरला होता तिच्या कानाशी:
"माले काही दिसत नही वं आते.
बठ्ठं धुयकट शे.
तू मातर तशीच शे, दोन वेण्यांची, शेंबडी."

मग मीही डोळे मिटले
आणि ट्रंकेत हात घातला.

हे मांजरपाट. कोरडं, कळण्याच्या पिठासारखं.
हा मास्तरांचा सफारी,
माणूस जाऊन सहा वर्षं झाली, इस्त्रीची घडी मोडायला तयार नाही.
हा खण, बारीक खडबडीत,
आणि हा परकराचा मखमली काठ:
आखाजीच्या झोक्याचा दोर तुटला तेव्हा
ती माझ्यावर पडली होती आणि काठ फाटला होता.
रडली मात्र तीच.
एका सदऱ्याची गुंडी मी काढलीच नाही.
अंधारात गुंडी हाताला लागली
तर माणसाला बरं वाटतं.

ओट्यावर अस्तर अंथरलं, चार कोपऱ्यांना चार दगड.
कडेनं धावदोरा घालत आत आत निघाले.
मधून जाड दोऱ्यानं अंजनी नदी घातली,
अलीकडे तिची गल्ली, पलीकडे माझी,
बोट फिरवलं की चालत येता येईल एरंडोलला.
यावलला देऊन बावन्न वर्षं झाली तिला,
वाट विसरली असेल तर असू दे, उतार आठवेल.

पायाशी एक चौकोन रिकामा राहिला.

तिथे ती नऊ वर्षं यायला हवी होती.
माझ्या मोठीच्या लग्नात मांड्यांसाठी
तिचं खापर आणलं होतं मी, एसटीत, मांडीवर धरून.
परत दिलं तेव्हा तडकलेलं निघालं.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
मग लग्नं झाली, बारशी झाली, तिची आई गेली,
आणि आम्ही दोघी
एका मंडपात दोन टोकांना जेवलो.

मखमल लावून पाहिली, खोटी वाटली.
शेवटी गोणपाट लावलं.
ते खापर गोणपाटातच गुंडाळून नेलं होतं.
सून म्हणाली, टोचेल हो त्यांना.
पायाशी आहे, म्हटलं. कोण जातंय तिथवर.

जळगावला गाडी बदलली. तापीच्या पुलावर
गोधडी खिडकीला लागून जरा ओली झाली.
पुढे दोन्ही बाजूंना केळीच केळी.
द्वारकी खाटेवर बसली होती,
दाराकडे तोंड करून, पण जरा चुकीच्या दाराकडे.

काही न बोलता मांडीवर ठेवली.
तिनं वास घेतला आधी. मग बोटं निघाली.
सफारीपाशी हसली: "मास्तर."
मखमलीपाशी माझा दंड चाचपला.
गुंडी दोनदा लावल्यासारखी केली.
नदी ओलांडताना एकदा चुकली,
मागे फिरली, पुन्हा आली.
मला वाटलं, आता थांबेल.
थांबली नाही. गेली थेट पायाशी.

तिथे बोटं बराच वेळ होती.
आत कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला.

"खापर," ती म्हणाली.
मी हूं म्हटलं.
"तडकेलच दिन्हं व्हतं वं मी तुले.
सासूच्या हातून गेलतं. मी बोलनू नही."

नऊ वर्षं.
मला राग यायला हवा होता. आलाही थोडा,
चहा पिऊन होईपर्यंत टिकला.

रात्री तिला पांघरायला गेले
तर गोधडी तिनं फिरवून घेतलेली,
पायाकडची बाजू वर,
गोणपाट बरोबर हनुवटीखाली.
म्हटलं, टोचेल गं.
"टोचू दे," म्हणाली,
आणि कुशीवर वळली.