डावी, उजवी

जांभळ्या पेनानं डॉक्टर दिनाज
माझ्या पोटावर रेघा मारत होत्या
आणि मी मान खाली घालून बघत होते
रेघ सरळ येतेय का.
सवय. तेवीस वर्षं गोखले रोडच्या गाळ्यात
लोकांच्या कापडावर खडू चालवलाय.

विचारलं, नळ्या कुठून काढणार?
म्हणाल्या, मोठ्या कापाच्या खाली, दोन भोकं,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
केस येतात तिथं. वण झाकला जाईल.
बरोबर, मी म्हटलं,
आम्हीही हुकाचा टाका पट्टीच्या आत घेतो.
त्या हसल्या. सिस्टर लिजी नाही हसली,
ती साबण लावून माझी अंगठी काढत होती.

शुद्धीवर आले तेव्हा कमरपट्ट्याला
सेफ्टी पिननं टाचलेली दोन डाळिंबं,
प्लास्टिकची, हवा दाबून काढलेली.
पहिल्या दिवशी लाल.
मग कोकमाच्या सरबताचं.
मग पेंढा भिजवलेलं पाणी असावं तसलं काहीतरी.

कातडी उचलली की खाली पोकळी राहते, डॉक्टर सांगत होत्या,
आणि पोकळीत शरीर पाणी सोडतं.
दोन थर धरेपर्यंत ते बाहेर यायला हवं.
अस्तर, मी मनात म्हटलं.
टाका न घालता अस्तर धरायचं
म्हणजे वेळ लागणारच.

कापलेलं किती निघालं?
एक किलो आठशे.
त्याचं काय करता?
पिवळ्या पिशवीत जातं.
मी चिंधीसुद्धा टाकत नाही,
गोधडीवाली महिन्याला पोतं भरून नेते.
त्या कातडीवर जुळ्यांच्या लाथा होत्या
आणि नंतर एकोणीस वर्षं
परकराच्या नाडीचा वळ.

घरी जाताना माहीमचा रस्ता खणलेला.
प्रत्येक लोखंडी पत्र्यावर टॅक्सी आदळली
की मी उशी पोटाशी आवळायची
आणि भालचंद्रनं डाळिंबं धरायची,
प्रसादाचा द्रोण धरावा तशी, दोन्ही हातांनी.

नणंदेला हर्निया सांगितलंय.
हर्नियाला दोन नळ्या? म्हणाली प्रमिला,
आणि पोहे घेतले.
भिशीचे पैसे कुठे गेले ते तिनं विचारलं नाही
पण तिच्या चमच्यानं विचारलं.

भालचंद्रला अजून सुईत दोरा ओवता येत नाही.
तो सकाळ-संध्याकाळ नळी बोटांत धरून
वरून खाली निथळवतो,
खोकल्याच्या औषधाच्या मापात ओततो
आणि मोरीतून ओरडतो,
डावी पंचेचाळीस! उजवी तीस!
वरच्या मजल्यापर्यंत जातं ते.
मी लिहून घेते. दुसरी वही नाही,
ऑर्डरचीच.

चालते वाकून,
मशीनवर बसल्यासारखी, फक्त पुढ्यात मशीन नाही.

आठव्या दिवशी उजवी काढली.
खोल श्वास घ्या, म्हणाल्या, आणि ओढली,
नेफ्यातून नाडी ओढावी तशी
सरसर, संपेचना.
एवढी लांब होती माझ्यात?
दुखलं नाही. गार वाटलं,
कुणीतरी आतून निघून गेल्यासारखं.
डावी राहिली. डावी हट्टी.
सलग दोन दिवस पंचवीसच्या खाली आली
तरच सुटका.

काल तेलंगबाई घरीच आल्या,
भाचीचा साखरपुडा, थांबता येत नाही.
मॅक्सीच्या आत डावं डाळिंब लोंबतंय
आणि मी टेप शोधतेय.
त्यांनी वही चाळली, चष्मा वर केला:
छाती छत्तीस, कंबर बत्तीस, डावी अठ्ठावीस?
हे कुणाचं माप?

राहू दे ते.

नाही, पण ब्लाउजला डावी-उजवी
वेगळी कशाला हवी?

असते, मी म्हटलं. सगळ्यांची वेगळी असते,
आम्ही बोलत नाही.
हात जरा वर करा.