भाग दोन

पहिला भाग ठाण्यात पाहिला, मोठ्या पडद्यावर,
बाबांबरोबर.
राजकन्या दीपगृहात राहायची
आणि तिच्या साळिंदराला गाता यायचं.
मध्यंतरात बाबा फोन करायला बाहेर गेले
ते दिवे लागल्यावरच परत आले.
काय झालं शेवटी, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, लग्न. मग दोघं सुखानं नांदायला लागले.

नांदणे हे क्रियापद पुन्हा भेटलं
दोन वर्षांनी, वकिलाच्या नोटिशीत:
सदर पत्नी नांदावयास येत नाही.
आई कितीतरी वेळ चष्मा पुसत होती.

मग कोपरखैरणे. सेक्टर सहा,
सिडकोची बैठी घरं, सगळ्यांना एकच खिडकी,
जणू एकदा काढून पुढं नुसती छापत नेलेली.
आणि शशिकाका.
रबाळ्याला रंगाच्या कंपनीत, दुसऱ्या पाळीला,
नखांच्या कडेनं कायम काहीतरी निळं.

गोष्टीतली सावत्र माणसं कशी असतात
ते मला पाठ होतं.
मी वाट बघत राहिले.

शनिवारी तो वर्गीसच्या दुकानातून सीडी आणायचा.
दिवसाला दहा रुपये, ओरखडा पडला तर पंचवीस.
एकदा आणली तीच राजकन्या, भाग दोन.
हा कुठल्या थिएटरात लागलाच नव्हता,
थेट दुकानाच्या फळीवर आलेला.
पहिला नेहमी बाहेर असतो, वर्गीस म्हणाला म्हणे,
हा मात्र कधीही या, आहेच.

साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपते,
सहाव्या उत्तरात काय होतं
ते कुठल्या आजीनं सांगितलंय?
सहाव्या उत्तरात चेटकिणीची धाकटी बहीण येते,
जिचं पहिल्या भागात नावसुद्धा नव्हतं.
ढग हलत नाहीत.
गावकरी नाचत नाहीत, नुसते ओठ हलवतात.
साळिंदराचे काटे मी मोजले. अकरा.
आणि राजकन्येचा आवाज बदललेला.
तोंड तेच, वेणी तीच,
आत गाणारी दुसरीच कुणीतरी,
जरा बसक्या गळ्याची.

मी रडले. ही ती नाहीच म्हणून.
शशिकाका पडद्याजवळ सरकून बसला,
बराच वेळ समुद्र बघत.
म्हणाला, बरोबर आहे तुझं. हा निळा तो नाही.
बॅच बदललीय.
मग परत पाठवतात का, मी विचारलं.
नाही गं. ह्यानं पण कापड रंगतं.
लोक घालतात की.

रविवारी तीच सीडी तिसऱ्यांदा लावली
आणि दुसऱ्या चकतीवर गाणं अडकलं.
राजकन्या कठड्यावर, तोंड उघडं,
एकच अक्षर परत परत, परत परत.
काकानं चकती काढली, टूथपेस्ट चोळली,
बनियनला पुसली, फुंकर मारली, लावली.
तेच अक्षर.

तेव्हा स्वयंपाकघरातून
पुढची ओळ आली.

पोळपाटाचा आवाज थांबला नव्हता.
आई गात होती, आणि तिला ठाऊक नव्हतं की ती गातेय.
त्या पहिल्या घरात ती कधी,
म्हणजे अंगाई सुद्धा,
मला आठवतच नाही.
बसका गळा. शेवटच्या स्वराला जरा खाली उतरणारा.
काकानं माझ्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं.
निळ्या कडेचं बोट.
आम्ही दोघं टीव्हीसमोर तसेच बसून राहिलो,
राजकन्येसारखे, एका अक्षरावर अडकलेले,
पोळी तव्यावर पडेपर्यंत.

पंचवीस रुपये भरावे लागले.

वर्गीसच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
पहिला भाग मी पुन्हा पाहिला नाही,
मागच्या महिन्यात फोनवर दिसला, अंगठा पुढं सरकला.
काका रिटायर होऊन वर्ष झालं
तरी नखं काही पुरती साफ होत नाहीत.
परवा लसूण सोलता सोलता
मध्येच म्हणाला,
अगं, त्या साळिंदराचं पुढं काय झालं?
तिसरा निघाला होता का?