वरणखेडचं घर बघून आल्यावर

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
यांनी मधोमध रेघ मारली आहे.
डावीकडे वडाळा, उजवीकडे वरणखेड.
टांकसाळीत तेहेतीस वर्षं नाणी मोजलेला माणूस,
दोन्हीकडची बेरीज झाल्याशिवाय झोपणार नाही.

इथे तीनशे दहा फूट, चौथा मजला.
तिथे तेवढ्याच पैशांत अंगण, आड, गच्ची,
पेरूची दोन झाडं,
आणि वर बँकेत ठेवायला काही.
"अगं, पेरू!" परतीच्या एस्टीत चारदा म्हणाले.
यांनी पेरू फक्त गाडीवर बघितलाय,
चार फाका केलेला, तिखटमीठ लावलेला.

माहेर माझं आणि हट्ट यांचा.

मी एकोणिसाव्या वर्षी निघाले तिथून
टायपिंगचं सर्टिफिकेट वहीच्या पुठ्ठ्यांत धरून.
मग पोर्ट ट्रस्टात चाळीस वर्षं
बोटींची नावं टाईप केली,
आलेल्या, गेलेल्या,
एकदाही न बघितलेल्या.

अण्णा त्रासन खात्यात होते. कान तिथेच ठेवून आले.
आमच्या घरात मीठसुद्धा ओरडून मागायचे.
लग्नानंतर सासूबाई दचकून विचारायच्या,
"भांडतेस का गं?"
हळू बोलायला मला दोन वर्षं लागली.

मिल बंद झाली तेव्हा भोंगा बंद झाला,
आणि दूधवाल्याला कळेना कधी यायचं.
अण्णा मात्र पावणेसातला डबा मागायचे.
आई भरून द्यायची, न बोलता.
गेटापर्यंत जायचे,
समोरच्या पिंपळाखाली बसून खायचे,
डबा विसळून परत यायचे.
असं किती महिने, हे मी यांना सांगितलेलं नाही.

आता साचेखात्याच्या जागी मंगल कार्यालय आहे.
चिमणी ठेवलीय, तिच्यावर मोबाईलचा अँटेना.
घर दाखवणारा रझाक तांबोळी
किल्ली फिरवता फिरवता थांबला,
माझ्याकडे बघत राहिला,
"तुम्ही त्रासनवाल्या दगडूअण्णांच्या का?
आमचे अब्बा त्यांच्याच पाळीत."

वडाळ्यात चाळीस वर्षांत
मी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
त्याच एका गोष्टीसाठी तर आले होते इथे.
मग त्या उंबऱ्यावर डोळे का भरले
ते कळलं नाही. हे म्हणाले, धूळ आहे, घर बंद होतं ना.

डावीकडे यांनी लिहिलंय: केईएम, टॅक्सीने वीस मिनिटं.
उजवीकडे, अगदी बारीक अक्षरात:
मोठा दवाखाना, बहात्तर किलोमीटर.
छातीत दोन स्टेंट घालून फिरणारा माणूस
हे अक्षर इतकं बारीक काढतो,
की मला चष्मा लावावा लागतो.

रझाकचा फोन आला. सोमवारपर्यंत टोकन द्या,
दुसरं गिऱ्हाईक आहे.
(दुसरं गिऱ्हाईक कुठलं आलंय वरणखेडला!)
मी म्हटलं, नाणं उडवूया का?
खरंच रागावले.
तेहेतीस वर्षांत लाखो नाणी हातून गेली,
एकही उडवलं नाही, म्हणाले.

हल्ली यांना ऐकू कमी येतं.
मी आवाज चढवते,
आणि घशातून तोच निघतो, मिलच्या गावचा,
जो मोठ्या कष्टाने मोडला होता.
काल खालच्या मजल्यावरच्या पिंटोबाईंनी
जिन्यात हात धरून विचारलं, सगळं ठीक ना?

रात्री हे झोपल्यावर पेन्सिल घेतली.
मलाही काहीतरी लिहायचं होतं.
"भोंगा नाही," एवढंच सुचलं,
आणि कुठल्या बाजूला लिहावं ते ठरेना.
रेघेवरच लिहिलं शेवटी.

पिशवीतून आणलेले चार पेरू टेबलावर आहेत.
तीन कच्चे.
चौथ्याचा वास आता बाथरूमपर्यंत येतोय.